पंधरा जोड्यांचा हंस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फिनलंडमध्ये पाडलेले एक युरोचे नाणे हाती आले, तर त्याच्या एका बाजूला दोन पक्षी दिसतात. माना लांब ताणून, पंख पसरून ते सरोवरावरून उडत चाललेले आहेत. हे राजहंस. १९८१ साली फिनलंडने या हंसाला आपला राष्ट्रीय पक्षी ठरवले आणि २००२ साली युरोची नाणी चलनात आल्यावर तो तिथल्या माणसांच्या खिशात जाऊन बसला. आज त्या देशात या हंसाच्या सुमारे दहा हजार जोड्या घरटी करतात, असा अंदाज आहे. पण १९५०च्या सुमारास संबंध देशात घरटे करणाऱ्या जोड्या उरल्या होत्या जेमतेम पंधरा. पंधरा जोड्या म्हणजे तीस पक्षी. आपल्या एखाद्या शाळेच्या वर्गात याहून अधिक मुले असतात.

हा पक्षी संपता संपता कसा वाचला, याची गोष्ट आज सांगायची आहे. त्यात कायदा आहे, युद्ध आहे, एक गुरांचा डॉक्टर आहे आणि दलदलीतले एक घरटे आहे.

हंस आपल्याला काही परका नाही. सरस्वतीचे वाहन म्हणून आपण त्याला ओळखतो. दूध आणि पाणी वेगळे करण्याची हातोटी आपण त्याला बहाल केली आहे. हान्स अँडरसनची १८४३ सालची कुरूप पिल्लाची डॅनिश गोष्ट गदिमांच्या गाण्यातून मराठी मुलांच्या तोंडी गेली, तेव्हापासून तर राजहंस घरचाच झाला. प्रत्यक्षात मात्र खरा हंस महाराष्ट्रात येत नाही. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा त्याचा भाऊबंद. हिमालय ओलांडून येणारा जुन्या संस्कृत काव्यातला हंस तो हाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

फिनलंडचा हंस याहून कितीतरी मोठा. वजन आठ-दहा किलो, कधी त्याहूनही जास्त. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरपेक्षा अधिक. अंग पांढरेशुभ्र, चोच टोकाला काळी आणि मुळाशी पिवळीजर्द. इंग्लंडच्या बागांतल्या तळ्यांवर आपण चित्रांत पाहतो तो नारिंगी चोचीचा, कपाळावर गाठ असलेला हंस वेगळा. तो फारसा आवाज करत नाही. हा मात्र तुतारी फुंकावी तसा ओरडतो. त्याची श्वासनलिका मानेएवढ्यावर थांबत नाही. ती छातीच्या हाडात शिरून वळसा घेते आणि मग फुप्फुसांकडे जाते. एवढ्या लांब नळीतून निघालेला आवाज दूरवर घुमतो. फिनिश भाषेत म्हणूनच त्याचे नाव आहे ‘लाउलुयोउत्सेन’, म्हणजे गाणारा हंस.

या पक्ष्याविषयी उत्तरेकडच्या लोकांच्या मनात भक्तिभाव फार जुना. फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या हद्दीत ओनेगा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठच्या खडकांवर सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी चित्रे कोरली आणि त्यांत हंसांची चित्रे पुष्कळ आहेत. २०२१ साली या शिल्पचित्रांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ‘कालेवाला’ हे फिनलंडचे लोकमहाकाव्य. एलियास ल्योनरोट या डॉक्टराने खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा केली आणि त्यांतून ते १८३५ साली सिद्ध केले. त्यात तुओनेला हे मृतांचे राज्य आहे आणि त्याच्या काळ्या नदीवर एक हंस आहे. लेम्मिनकाइनेन नावाचा वीर त्या हंसाला मारायला जातो आणि स्वतःच मारला जातो. त्याच्या देहाचे तुकडे नदीत फेकले जातात. मग त्याची आई लांब दांड्याचे दाताळे घेऊन नदीचा तळ धुंडाळते, तुकडा तुकडा जुळवते आणि मुलाला पुन्हा जिवंत करते. हंसावर बाण रोखू नये, ही शिकवण या कथेतून आजी नातवाला देत असे. यान सिबेलियस या थोर संगीतकाराने १८९०च्या दशकात याच हंसावर एक वाद्यरचना केली आणि ती जगभर गाजली.

याच सिबेलियसच्या रोजनिशीत २१ एप्रिल १९१५ या तारखेची एक नोंद आहे. त्या दिवशी त्याने सोळा हंस आकाशातून जाताना पाहिले आणि तो भारावून गेला. त्याच्या पाचव्या सिंफनीच्या अखेरच्या भागातली प्रसिद्ध सुरावट या हंसांशी जोडली जाते. हे हंस त्याच्या घराजवळ, दक्षिण फिनलंडमध्ये दिसले होते. पण ते वाटसरू होते. उत्तरेकडे निघाले होते. दक्षिणेतल्या तळ्यांवरची त्यांची घरटी तोवर इतिहासजमा होत चालली होती.

एवढा पूज्य पक्षी मग संपत का आला? कारण पूजेपेक्षा पोट मोठे. एका हंसाचे मांस म्हणजे एका कुटुंबाचे दोन-तीन दिवसांचे जेवण. त्याचे पीस उशांत भरायला उत्तम. त्याची अंडी कोंबडीच्या अंड्याच्या पाच-सहा पट मोठी. जुन्या धाकाची पकड सैल होत गेली आणि बंदुका घरोघर आल्या, तेव्हा पाण्यावर पांढरा उठून दिसणारा हा पक्षी अगदी सोपे सावज ठरला.

त्यातून या हंसाचे वेळापत्रकच असे आहे, की त्यात चुकीला जागा नाही. उत्तर फिनलंड म्हणजे लॅपलंड. तिथल्या तळ्यांवरचा बर्फ मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये फुटतो आणि ऑक्टोबरात पाणी पुन्हा गोठू लागते. मादी साधारण चार ते सहा अंडी घालते, एक दिवसाआड एक. ती उबायला सुमारे पस्तीस दिवस लागतात आणि बाहेर आलेल्या पिल्लाला उडता यायला आणखी तीन महिने. बेरीज केली तर सव्वाचार महिने होतात. लॅपलंडचे तळे मोकळे असते ते जवळजवळ तेवढेच दिवस. म्हणूनच पुरता बर्फ वितळण्याची वाट न पाहता, काठाशी थोडे पाणी मोकळे झाले की हंस घरट्याला लागतात. अंडी कोणी उचलून नेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला वेळच उरत नाही. ते वर्ष वाया जाते.

दुसरी अडचण पिसांची. उन्हाळ्यात हंस पंखांची सगळी मोठी पिसे एकदम टाकतो आणि नवी येईपर्यंत पाच-सहा आठवडे त्याला उडता येत नाही. या दिवसांत होडीतून पाठलाग करून त्याला पकडणे अवघड नव्हते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे हा पक्षी चार-पाच वर्षांचा झाल्याशिवाय वीण करत नाही. त्यामुळे जोडीतला एक पक्षी मारला गेला, तर त्याची जागा भरून निघायला वर्षे लागतात. कोंबड्या-बदकांचा हिशेब इथे चालत नाही.

१९३४ साली फिनलंडने कायदा करून हंसाला संरक्षण दिले. शिकारीला बंदी झाली. तरीही पुढची सोळा वर्षे हंस कमी होतच राहिले. फिनलंड हा महाराष्ट्राहून थोडा मोठा देश आणि त्यात लहानमोठी मिळून एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तळी. त्यांतल्या कुठल्या तळ्यावर कोणी गोळी झाडली, हे पाहायला पहारेकरी आणणार कुठून? शिवाय १९३९ ते १९४५ या काळात देश युद्धात होरपळत होता. १९४४च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलंडमधली गावे जाळली. रोव्हानिएमी शहर बेचिराख झाले. लोक परतले ते राखेच्या ढिगांवर. अशा माणसाला हंस दिसला, तर त्याला १९३४चा कायदा आठवावा, ही अपेक्षा अवघडच होती.

या सुमारास युर्यो कोक्को नावाचा एक पशुवैद्य लॅपलंडमध्ये राहत होता. त्याचा जन्म १९०३चा. तो लेखकही होता. युद्धाच्या दिवसांत त्याने ‘पेस्सी आणि इल्लुसिया’ ही परीकथा लिहिली होती. १९४४ साली ती प्रसिद्ध झाली आणि युद्धाने थकलेल्या लोकांनी ती उचलून धरली. गुरांचे औषधपाणी आणि रानावनाचा अभ्यास, असे त्याचे दिवस चालले होते. हंस संपत आले आहेत हे त्याला दिसत होते. त्याने ठरवले, की हंसाचे घरटे शोधायचे, ते जवळून पाहायचे आणि त्याची छायाचित्रे घ्यायची.

हे काम बोलण्याइतके सोपे नव्हते. उरलेले हंस माणसाची सावली दिसली तरी घरटे सोडून निघून जात. ते राहत होते ते रस्त्यांपासून दूर, दलदलींच्या पलीकडे. तिथे पायी जायचे, पाठीवर सामान वाहायचे, डासांचे थवे अंगावर घ्यायचे आणि लपणात बसून राहायचे. लॅपलंडच्या उन्हाळ्यात सूर्य रात्रीही मावळत नाही, त्यामुळे अंधाराचा आडोसाही नाही. कोक्कोने अनेक हंगाम या शोधात घालवले. शेवटी त्याला घरटे सापडले, छायाचित्रेही मिळाली. १९५० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव अगदी साधे होते, ‘लाउलुयोउत्सेन’. उरलेल्या जोड्यांचा पंधरा हा आकडा लोकांपर्यंत पोचला तो याच काळात.

अशा घरट्यावर काय दिसते? दलदलीत किंवा एखाद्या चिमुकल्या बेटावर लव्हाळे, शेवाळ आणि पाणवनस्पती यांचा मोठा ढीग. त्याचा पसारा मीटर-दीड मीटर. वरच्या खळग्यात पिवळसर पांढरी अंडी. उबवायला बसते ती मादी. नर आसपास पाण्यावर पहारा देतो. मादी चरायला उठली, की अंडी काडीकचऱ्याने झाकून जाते. सगळी अंडी घालून झाल्यावरच ती नीट उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. ती अंगाने करडी, मऊ लवीची. पहिला दिवस ती आईच्या पंखांखाली वाळतात आणि मग पाण्यात उतरतात. हंस पिल्लांना भरवत नाहीत. आईबाप पाण्याखालच्या वनस्पती उपटून वर आणतात, पायांनी तळ ढवळतात आणि वर आलेले खाणे पिल्ले स्वतः टिपतात. ही मंडळी पुढचा सारा हिवाळा एकत्र काढतात.

हे सारे फिनलंडच्या वाचकांनी पुस्तकात प्रथमच इतक्या जवळून पाहिले. तोपर्यंत हंस म्हणजे कालेवालातला गूढ पक्षी, नाहीतर बंदुकीच्या टप्प्यात आलेले मांस. आता त्यांना एक कुटुंब दिसले. परीकथेमुळे कोक्कोचे नाव घराघरांत ठाऊक होते, म्हणून पुस्तकही घराघरांत गेले. शाळकरी मुलांनी ते वाचले, शिक्षकांनी त्यावर सांगितले. हंस मारणे हा गुन्हा तर १९३४ पासूनच होता. आता ती लाजेची गोष्ट झाली. गुन्हा पहारेकऱ्यापासून लपवता येतो, पण शेजाऱ्यापासून आणि घरातल्या पोरांपासून लपवणे कठीण. जवळजवळ दोन लाख तळ्यांवर सरकारला जो पहारा बसवता आला नाही, तो असा आपोआप बसला.

१९५४ साली कोक्कोने हंसांवर आणखी एक पुस्तक लिहिले. त्याच्या फिनिश नावाचा अर्थ ‘ते परत येतात’ असा आहे. नाव ठेवले तेव्हा परत येणारे अजून हातावर मोजण्याइतकेच होते. वाढ अतिशय सावकाश झाली. चार-पाच वर्षांनी वयात येणारा पक्षी घाईने वाढणार तरी कसा? १९७०च्या दशकाच्या मध्यास जोड्यांची संख्या दीडशेच्या आसपास पोचली. १९९०च्या दशकात ती हजाराच्या पुढे गेली, २०१०च्या सुमारास पाच हजारांच्या वर. कोक्को १९७७ साली वारला. त्याने शेकड्यांपर्यंतची वाढ पाहिली. हजारांची पाहिली नाही.

सगळे श्रेय एका पुस्तकाला देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. हे हंस हिवाळा डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, जर्मनी अशा देशांत काढतात आणि तिथेही त्यांना संरक्षण मिळाले. शेतीची पद्धत बदलली. सुगीनंतर शेतात राहिलेले धान्य आणि शरद ऋतूतली कोवळी पिके यांवर हंसांचे पोट भरू लागले. अलीकडच्या दशकांत हिवाळे सौम्य झाले, पाणी लवकर मोकळे होऊ लागले आणि पिल्लांच्या सव्वाचार महिन्यांच्या हिशेबाला थोडी सवड मिळाली. पण गोळी थांबली नसती, तर या साऱ्या अनुकूलतेचा फायदा घ्यायला पक्षीच शिल्लक नसते.

या वाढीत अभ्यासकांना एक गोष्ट अनपेक्षितपणे कळली. विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वांचा समज असा होता, की हा हंस जात्याच निर्जनाचा रहिवासी. माणूस त्याला सोसत नाही, विणीला त्याला ओसाड दलदलच लागते. पक्ष्यांची संख्या वाढली तशी घरटी दक्षिणेकडे सरकू लागली. प्रथम जंगलातल्या तळ्यांवर, मग खेड्यांजवळ, मग शेतांच्या कडेला. ज्वलनासाठी दलदलीची कुजमाती खणून नेल्यावर जे खड्डे पडले आणि पाण्याने भरले, त्या पाणथळ जागाही हंसांनी घेतल्या. आज रस्त्यावरून जाता जाता घरट्यावर बसलेली मादी दिसू शकते. म्हणजे लॅपलंडचा एकांत ही त्याची आवड नव्हतीच. उरलेले पक्षी तिथे जीव वाचवून राहिले होते. ज्याला आपण त्याचा स्वभाव समजत होतो, ती आपलीच दहशत होती. कित्येक पिढ्या जिथे दिसला तिथे मारला गेलेला पक्षी बुजरा होतो, आणि दोन-तीन पिढ्या कोणी मारले नाही की तो बुजरेपणा सोडतो.

जवळ येण्याचे त्रासही असतात. एप्रिल-मे महिन्यांत हंसांचे थवे शेतात उतरले की कोवळे पीक खाली बसते आणि शेतकरी कातावतो. संरक्षित पक्ष्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारला भरपाई द्यावी लागते. बदकांच्या शिकाऱ्यांची तक्रार वेगळी होती: एवढा दांडगा पक्षी तळ्यावर आला की बदकांना हुसकावून लावील. अभ्यासकांनी ही शंका तपासून पाहिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका फिनिश अभ्यासात असे दिसले, की हंस परतलेल्या तळ्यांवर इतर पाणपक्ष्यांचे काही बिघडलेले नाही. हंसाची जागा रिकामीच होती. तो आपल्या जागेवर येऊन बसला. तरीही तक्रारी संपलेल्या नाहीत, आणि शेत ज्याचे त्याला त्या खोट्याही वाटत नाहीत. दहा हजार जोड्यांच्या देशात हंसाला सांभाळणे हे पंधरा जोड्या वाचवण्यापेक्षा निराळे काम आहे. पहिल्या कामाला कळवळा पुरला. या कामाला भरपाईचा हिशेब, शेजारधर्म आणि सोशिकपणा लागतो.

हंसाचे घरटे पाहायला आता डासांतून मैलोन्मैल चालावे लागत नाही. पण शिस्त तीच, कोक्कोच्या वेळची. दुर्बीण घ्यायची, लांब उभे राहायचे, कुत्रा बांधून ठेवायचा. मादी मान उंच करून पाहू लागली की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरायचे, कारण ती उठली तर अंडी गारठतात. दक्षिण फिनलंडमध्ये मार्च-एप्रिलमध्ये जोडी येते, तेव्हा तळ्यावर बर्फ असतोच. मे महिन्यात काठावरचा तो पांढरा ढीग पाच आठवडे हलत नाही. जूनमध्ये एक दिवस घरटे रिकामे दिसते आणि पाण्यावर पुढे मादी, मागे नर आणि मध्ये करड्या पिल्लांची रांग निघते. कधी पाच असतात, पुढच्या आठवड्यात चार. कोल्हा नेतो, थंडी नेते. ऑगस्टमध्ये आईबापांची नवी पिसे येतात, सप्टेंबरात पिल्ले पंख मारीत पाण्यावरून धावू लागतात. एके सकाळी तळ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि जी पिल्ले उरली असतील त्यांना घेऊन जोडी दक्षिणेकडे निघते. गावातली माणसे त्यांची संख्या मोजतात आणि पुढच्या मार्चपर्यंत ती लक्षात ठेवतात.